पाय मुरगळून सुजला की आजी म्हणते 'वायू धरला'. शरीरात खरंच वायूमुळे सूज येते का?

अर्धं खरं. आमच्या बीडकडं गुडघा आखडला तरी 'वायू'च म्हणतात, तो वेगळा. पण पेशी आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू खरोखर बनवतात. तो काही सेकंदच टिकतो, तेवढ्यात रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतो. वाहिनी रुंदावते, रक्त वाढतं, म्हणून जागा लाल आणि गरम. हा वायू रक्ताभिसरणात निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. वाहिनीतून पाणी झिरपून फुगवटा येतो त्यात हिस्टामिन, ब्रॅडिकायनिन या शरीरातल्याच रसायनांचाही मोठा हात. एकट्या वायूला दोष देऊ नका. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही शरीर किंचित बनवतं, आणि तो दुतोंडी: कधी सूज उतरवतो, कधी वाढवतो. (पोटातला गॅस सुजलेल्या पायात उतरत नाही, हे आजीला हळूच सांगा.)