मुंबईजवळ डोंगराच्या पायथ्याशी, गाड्यांचा त्रास नसलेले मातीचे रस्ते सायकलसाठी कुठे मिळतील? त्यासाठी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं रोड बाइक चालवताय, हायवेवरच्या ट्रकना कंटाळलात आणि आता सह्याद्रीच्या पायथ्याचे शांत कच्चे रस्ते हवेत. एकट्याने जावं का, हेही विचारलंय. मी मुलुंडची. पावसाळा सोडला तर बहुतेक रविवार याच रस्त्यांवर जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नकाशा उघडा. खाली खंडाळ्याचा बोरघाट आणि वर माळशेज घाट बघा. दोघांमध्ये सरळ रेषेत ७० किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि एवढ्या लांबीच्या डोंगरभिंतीवर गाडी चढेल असा एकही घाटरस्ता नाही. कुसूर घाट, खांडसहून भीमाशंकरला चढणारे शिडी घाट आणि गणेश घाट, पलीकडे नाणेघाट, या सगळ्या पायवाटा. म्हणजे कर्जतहून कशेळे, म्हसा करत मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरून पूर्वेला जो फाटा फुटतो, तो डोंगराला टेकून कुठल्यातरी वाडीत संपतो. पुढे जायला जागाच नाही, तर ट्रक येईल कशाला? शहरापासून लांब गेलं की रस्ते मोकळे होतात असं पुष्कळांना वाटतं. नाशिक हायवेने कसाऱ्यापर्यंत जाऊन बघा, एक ट्रक पाठ सोडणार नाही. अंतर किती, यापेक्षा रस्ता कुठे संपतो हे बघायची सवय लावा. माझ्या मते सगळी किल्ली त्यातच आहे.

सुरुवात नेरळ किंवा कर्जत स्टेशनापासून करा. नेरळहून कशेळ्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, थोडी वाहतूक लागते. तिथून आंबिवलीकडे, म्हणजे पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याला जा, किंवा जांबरुंगकडे, किंवा सरळ खांडसला. मुख्य रस्ता सोडला की वाड्यावाड्यांना जोडणारे मुरमाचे तुकडे सुरू होतात. कुठे दोन किलोमीटर, कुठे पाच. सलग पन्नास किलोमीटर कच्चा रस्ता आपल्याकडे मिळत नाही, ती अपेक्षा घरी ठेवून या. डांबर, मुरूम, पुन्हा डांबर, मध्येच नदीचं कोरडं पात्र, असा दिवस जातो. कर्जतहून कोंदिवडेकडे, कोंढाणे लेण्यांच्या दिशेने उल्हास नदीच्या काठाने जाणारा रस्ता देखणा आहे, पण तिथे फार्महाउस इतकी झालीत की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते. मी तिकडे जाणं सोडलं. हार्बर लाइनवर राहत असाल तर पनवेलहून नेरे, मालडुंगे करत धोदाणीला जा. माथेरानच्या पश्चिम पायथ्याचं हे गाव, इथेही रस्ता डोंगरापाशी संपतो. पनवेलचा पहिला टप्पा मात्र डंपरचा आहे, तो उजाडायच्या आत पार करा.

कर्जत तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे. टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारं पाणी राजनाला कालव्यात येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतं. कालव्याच्या कडेने जागोजागी मातीची वाट आहे, जवळजवळ सपाट. मार्चमध्ये वरचे डोंगर वाळून पिवळे पडलेले असतात, अधूनमधून राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरलेली जमीन) भाजल्याचा धूर उठत असतो आणि खाली तुमच्या चाकाजवळ गुडघाभर हिरवं भात. नवख्या माणसाने याच वाटेने सुरुवात करावी असं मी सांगेन.

आता मुरमाबद्दल, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ग्रॅव्हल म्हणजे खडी असं आपण सरळ धरून चालतो. पण खडीवर सायकल चालवायची नसते. खडी म्हणजे क्रशरमधून फोडून आलेला काळा दगड, धारदार, सुट्टा. खडीकरण झालंय आणि डांबर अजून पडायचंय, असा रस्ता दिसला तर सरळ मागे फिरा. मी एकदा फिरले नाही. आंबिवलीकडच्या एका उतारावर पुढचं चाक बाजूला सरकलं आणि कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं. तेव्हा माझे टायर २५ मिलिमीटरचे होते, पण खरं सांगायचं तर तिथे ४० मिलिमीटरचेही टिकले नसते.

आपल्याला हवा तो मुरूम. काळ्या दगडाचीच झिजून झालेली तांबूस, भुसभुशीत खडकमाती. रोलर फिरला, एक-दोन पाऊस पडले की ती दबून अशी घट्ट बसते की चाकाखाली फक्त बारीक कुरकुर ऐकू येते. अमेरिकेत कॅन्ससमध्ये २००६ पासून ग्रॅव्हलची मोठी शर्यत होते. तिथल्या टेकड्यांचा दगड चकमकीचा, टायर फाडणारा. त्या मानाने आपला मुरूम फार प्रेमळ.

मुरमाचं वर्ष असतं. जूनमध्ये वाहून जातो, चर पडतात. पावसाळाभर खाचरांजवळची चिकण माती टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये अशी भरते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबरमध्ये ओल आटते आणि रस्ता कडक होतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा हंगाम. फेब्रुवारीत पळस फुलतो, तेव्हाही मजा आहे. मार्चअखेर फुफाटा. बोटभर धूळ, तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही, वळणावर चाक सुटतं. बैलगाडीच्या जुन्या वाटा सापडतील, त्यांच्या चाकोरीत पुढचं चाक अडकू देऊ नका, मधल्या उंचवट्यावर राहा. भात कापलेल्या शेताकडेला धस, म्हणजे कापणीनंतर उरलेले टोकदार खुंट, उभे असतात, ते टायरच्या बाजूला बरोबर टोचतात.

पावसाळ्यात डोंगराला लागून असलेल्या वाड्यांकडे अजिबात जाऊ नका. धबधब्यांची गर्दी असते, पण खरं कारण वेगळं. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, वस्तीतली कितीतरी घरं गाडली गेली. ज्या उतारांखालून आपण जातो ते त्याच जातीचे आहेत.

एक प्रसंग सांगते, त्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. डिसेंबरमधली सकाळ, एका ठाकूरवाडीच्या अलीकडे मुरमाच्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं, रस्ताभर. मी कडेने चाक घालायला लागले तर पडवीतून एक आजी म्हणाल्या, "बाय, उचलून ने. दाणं फुटतील." सायकल उचलून पलीकडे ठेवली, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बसले. मी सहज म्हटलं, "आजी, रस्ता फार छान आहे तुमचा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सांगितलं, सुनेला कळा सुरू झाल्या त्या रात्री पाऊस होता, गाडी चिखलातून वर येईना. चौघांनी झोळी करून तिला डांबरापर्यंत नेलं. सून आणि बाळ दोघं बरी आहेत. पोरगं तिथेच भाताच्या कडेला कोंबडीमागे धावत होतं. "डांबर कधी व्हायचं गं? तू मुंबईची, तुला ठाऊक असंल," असं त्यांनी विचारलं. मला काही उत्तर देता आलं नाही.

मला मुरूम हवा असतो, त्यांना डांबर. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून रस्त्याची पक्की यादी मी देत नाही. यंदाचा मुरूम पुढच्या वर्षी डांबरी किंवा काँक्रीटचा होईल, होऊ दे. तुम्ही उपग्रहाच्या नकाशात डोंगराच्या कडेला जाऊन थांबणारी तांबूस रेघ शोधायला शिका, नवीन वाटा सापडत राहतील. आणि शेतातून जाणारी पाणंद ही कुणाच्यातरी वहिवाटीची आहे हे विसरू नका. बांधावरून चाक घालायचं नाही, फाटक उघडलं तर लावायचं, गुरं समोर आली तर उतरून उभं राहायचं. कुत्री भुंकली तरी तेच, उतरा, सायकल मध्ये धरा, चालत जा. पळालात तर पाठ धरतील.

जायचं कसं? मी मुलुंडहून ठाण्यापर्यंत सायकलने जाते, सामानाचं तिकीट काढते आणि पहाटेच्या कर्जत लोकलच्या मालडब्यात चढते. दुधाचे कॅन, भाजीचे हारे आणि एक सायकल. रविवारी त्या दिशेला गर्दी नसते, पण टोपल्यांना हँडल लागणार नाही असं कोपऱ्यात उभं राहा. परतीची गाडी बारा-एकच्या आतली धरा. दुपारी उशीर झाला तर सहलीची गर्दी उसळते आणि सायकलसकट चढणं अशक्य होतं.

एकट्याने जायचं तर पहिल्या दोन-तीन वेळा नको. खांडसकडच्या भागात मोबाइलला रेंज जाते आणि पडलात तर तासभर कुणी यायचं नाही. मी अजूनही मैत्रिणीला घेऊनच जाते. घरी वाड्यांची नावं लिहून ठेवते, नुसतं "कर्जतला जातेय" असं नाही. पाणी दोन लिटर, पंप, एक जास्तीची ट्यूब, चेन जोडायचं हत्यार. कशेळ्याच्या पुढे सायकलचं दुकान असेल या भरवशावर राहू नका.

राहिला सायकलचा प्रश्न. लगेच घेऊ नका. तुमच्या रोड बाइकच्या फोर्कमध्ये ३२ मिलिमीटरचा टायर बसतो का ते मोजा. बसत असेल तर टायर बदलून कालव्याच्या वाटेवर दोन रविवार काढा. बसत नसेल तर कुणाची साधी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची थोड्या रुंद टायरची सायकल, मागून न्या. त्यावरही समजतं. मन लागलं तर मग ग्रॅव्हल घ्या, आणि घेताना तीनच गोष्टी बघा: ४० मिलिमीटरचा टायर चिखलासाठी जागा सोडून बसला पाहिजे, डिस्क ब्रेक हवेत, आणि सगळ्यात हलका गिअर खरोखर हलका हवा, कारण या वाड्यांचे चढ छोटे पण उभे आहेत. कार्बन, इलेक्ट्रॉनिक गिअर यांवर पैसे घालवू नका. ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारे टायर, मात्र करून घ्या, धसांनी आणि बाभळीच्या काट्यांनी पडलेली बारीक भोकं आतलं सीलंट (चिकट द्रव) परस्पर बुजवतं. हवा कमी ठेवा. माझं वजन ५८ किलो, मी पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय ठेवते. रोड बाइकच्या सवयीने कडक हवा भरलीत तर मुरमावर हात बधिर होतील.

तुम्ही राहता कुठे ते लिहिलं नाहीत. पश्चिम रेल्वेवर असाल तर पहाटे दादरला येऊन कर्जत लोकल धरणं सोयीचं पडेल. दादरला पूल चढून यावं लागतं, तेवढा दहा मिनिटांचा वेळ जास्त धरा.