‘हात लावून बघ’ : बघायचं कशानं?

नागपुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या आठवड्यातून दोन दिवस अंध मुलांना मातीकाम शिकवायला जातात. तान्हा पोळा जवळ आला म्हणून त्यांनी मुलांना बैल करायला दिले, आणि नमुना म्हणून स्वतः केलेला बैल एकाच्या हातात ठेवत म्हणाल्या, “शिंगं कशी वळलीत, हात लावून बघ.” म्हणाल्या आणि जीभ चावली. मुलगा मात्र शिंगं चाचपण्यात गुंग. त्या विचारतात, ज्याला दिसत नाही त्याला ‘बघ’ म्हणणं चूक का? त्यापेक्षा ‘स्पर्शाने अनुभव घे’ म्हणावं का? आणि मुळात हातच लावायचा, तर त्यात बघायचं काय?

ताई, चूक नाही. बदलूही नका. ‘स्पर्शाने अनुभव घे’ हे एखाद्या परिपत्रकातून उचलल्यासारखं वाटतं. आठ वर्षांच्या पोराशी असं कोण बोलतं?

आता तिसरा प्रश्न, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘वाकून बघ’ आणि ‘चाखून बघ’ ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा. पहिल्यात जोर ‘बघ’वर पडतो : पलंगाखाली चप्पल आहे का ते डोळ्यांनी बघायचं आहे, त्यासाठी वाकायचं आहे. दुसऱ्यात जोर ‘चाखून’वर सरकतो. तिथे काम जिभेचं. ‘बघ’ फक्त एवढंच सांगतं की हे काम काहीतरी कळावं म्हणून करायचं आहे. शाळेत शिकलेल्या भाषेत सांगायचं तर ‘चाखून बघ’ हे संयुक्त क्रियापद. मुख्य अर्थ ‘चाखून’ या धातुसाधितात आणि ‘बघ’ सहायक. ‘वाकून बघ’ तसं नाही, तिथे ‘बघ’ हेच मुख्य क्रियापद.

सहायक झालेल्या या ‘बघ’ला फक्त उत्सुकता उरते. ‘मी सावजी मटण खाल्लं’ म्हटलं की वाक्य संपलं. ‘मी सावजी मटण खाऊन बघितलं’ म्हटलं की ऐकणारा थांबतो, पुढचा निकाल ऐकायला : झेपलं की नाही? म्हणूनच ‘मी रोज जेवून बघतो’ हे कानाला खटकतं. रोजच्या जेवणात काय कळायचं राहिलंय? ‘ताप येऊन बघ’ असंही कोणी म्हणत नाही, कारण जे आपल्या हातात नाही ते करून बघता येत नाही.

मजा म्हणजे ‘-ऊन’ नसतानाही हे बघणं डोळ्यांशिवाय चालतं. भाजीत मीठ बघ, म्हणजे जिभेनं. ताप बघ, म्हणजे कपाळाला हाताची मागची बाजू लावून. नाडी बघणारे कित्येक वैद्य तर त्या वेळी डोळे मिटूनच घेतात. मनगटावर अंगठ्याखाली ३ बोटं टेकवायची, तर्जनी वाताची, मधलं पित्ताचं, अनामिका कफाची. सगळं बघणं त्या ३ बोटांत.

आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नसतं. मग मीठ बघायचं कसं? आजी कढीच्या पातेल्यावर वाकून वाफ हुंगायची आणि सांगायची, “अर्धी चिमूट टाक.” बहुतेक वेळा बरोबर निघायचं. हे कुठे शिकलीस, असं विचारलं की एकच उत्तर, “चुकून चुकून.” इथे मराठीनं केलेला बारकावा लक्षात घ्या. ‘चुकून’ म्हणजे नकळत, एकदा. ‘चुकून चुकून’ म्हणजे पुन्हापुन्हा चुकत, त्यातून हात बसेपर्यंत. तसंच ‘करून बघणं’ आणि ‘करून करून’ येणं. पहिल्यात प्रयोग आहे, दुसऱ्यात सराव.

कोणी म्हणेल, ही आपली बोलीतली ढिलाई. अजिबात नाही. ‘प्रत्यक्ष’ या भारदस्त शब्दात ‘अक्ष’ आहे, म्हणजे डोळा. पण ‘न्याय’ या प्राचीन भारतीय दर्शनानं प्रत्यक्षाची व्याख्या केली ती अशी : इंद्रिय आणि विषय यांच्या संपर्कातून उपजलेलं ज्ञान. इंद्रिय, नुसता डोळा नव्हे. म्हणून नैयायिक प्रत्यक्षाचे ६ प्रकार मोजतात : नाक, जीभ, डोळा, त्वचा आणि कान यांचे ५, आणि सहावं मानस, म्हणजे मनानं होणारं. मोगऱ्याचा वास हेही प्रत्यक्ष आणि आपल्याला झालेलं दुःख हेही प्रत्यक्षच. शब्दात डोळा, व्यवहारात सगळं शरीर आणि वर मन. तुमचं ‘हात लावून बघ’ नेमकं याच चालीचं आहे.

‘परीक्षा’ घ्या. परि अधिक ईक्ष्, म्हणजे चहूबाजूंनी बघणं. त्यातूनच प्राकृतमार्गे आपला ‘पारखणे’ आला. नोट खरी की खोटी हे जुना कॅशियर बोटांनी पारखतो, मडकं घेणारी बाई टिचकी मारून कानानं पारखते. ‘आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही’ या म्हणीतही स्वर्ग ‘दिसतो’च.

मनाचं बघणंही बोलण्यात सर्रास येतं : आठवून बघ, विचार करून बघ. यातलं ‘विचार करून बघतो’ मात्र जपून घ्यावं. वर्गणी मागायला गेल्यावर समोरच्यानं हे म्हटलं, तर पावतीपुस्तक मिटून पुढचं दार वाजवावं.

हे फक्त मराठीचं वैशिष्ट्य आहे का? नाही. हिंदीत ‘खाकर देखो’, बंगालीत ‘खेये देखो’. आमच्या शेजारच्या तेलुगू काकू वाटी पुढे करत ‘तिनी चूडु’ म्हणतात. ‘तिनी’ म्हणजे खाऊन, ‘चूडु’ म्हणजे बघ. कानडीत ‘तिंदु नोडु’. वेगवेगळ्या घराण्यांतल्या आपल्या भाषा शेजारामुळे एकमेकींसारख्या होत गेल्या आणि भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, असं मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञानं १९५६ साली मांडलं. मराठी, हिंदी, तेलुगू आणि गोंडी जिथे एकाच बाजारात कानावर पडतात, त्या नागपुरात हे पटायला वेळ लागत नाही. पण मग जपानीचं काय करायचं? तिथेही ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं, आणि ‘मिरु’ म्हणजे बघणंच. ते काही नागपूरच्या इतवारी बाजारातून गेलं नसेल. माझ्या मते शेजाराचा हात आहे, पण त्याहून मोठा हात माणसाच्या घडणीचा आहे.

नागपुरापुरतं एक वेगळेपण. इकडे ‘बघ’पेक्षा ‘पाह्य’ जास्त ऐकू येतं. “थोडासा रस्सा चाखून पाहजो, मग पोळी मोडजो,” असं सांगणारा माणूस पाहुण्यावर उपकार करत असतो. आणि “हात तर लावून पाह्य बे!” असं कोणी म्हटलं, तर ते शिकवणं नसून आव्हान असतं. एक ‘तर’ घुसला की संपलं. तेवढा वर्गात टाळा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या एका मित्राकडून घेतलं. तो जन्मापासून अंध आहे, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाला. रेडिओवर समालोचन ऐकून “काल मॅच पाहिली” असं तो सहज म्हणतो. मागच्या नोव्हेंबरात आम्ही दोघं संत्री घ्यायला गेलो. मी गाडीवरची केशरी फळं वेचून पिशवीत टाकत होतो. त्यानं त्यातलं एक घेतलं, तळहातावर जरासं उडवून झेललं, अंगठा सालीवर फिरवला आणि परत ठेवलं. मग दुसरं उचलून माझ्या हातात दिलं. “हे पाह्य. दोन्हींचा आकार सारखा, पण हे जड आहे. त्या पहिल्याची साल आतून सुटली, रस गेला.” त्यानं निवडलेलं फळ हिरवट होतं. पण आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून या दिवसांत येणारं संत्रं आतून तयार झालं, तरी रात्री पुरेशा गार झाल्या नसतील तर सालीवरचा हिरवा रंग जात नाही. घरी सोलली तेव्हा माझ्या केशरी फळांतली चार चोथ्यासारखी निघाली. त्याची सगळी रसाळ.

त्याला तुमचा प्रश्न सांगितला तर हसला. ‘अनुभव घे’बद्दल म्हणाला, “म्हणू दे की. पण पोरं त्याचं ‘अनुभवून बघ’ करतील.” करतीलच, ‘बघ’ मागच्या दारानं आत येतो.

त्याची तक्रार वेगळ्याच ‘बघ’बद्दल आहे. ‘इकडे बघ’, ‘असं कर’, ‘ते तिकडे ठेवलंय’. इथे खरंच डोळे लागतात, आणि बोलणाऱ्याच्या ते ध्यानात नसतं. तेव्हा ‘हात लावून बघ’ बिनधास्त म्हणा. सांभाळायचं ते ‘तिकडे’. माती कुठे ठेवली आहे ते सांगताना ‘तुझ्या उजव्या हाताशी, पाण्याच्या वाटीच्या पुढे’ असं सांगा. नोकरीत असताना कोणी “फाइल तिकडे ठेवली” म्हणालं की तो फोन खाली न ठेवता विचारायचा, “तिकडे म्हणजे सीताबर्डीला का?”