‘इनफिल्ड’ नव्हे! (आणि कोकरांचा माळ)

प्रश्न असा आला आहे: मोटारसायकलचं नाव ‘रॉयल इनफिल्ड’ लिहावं की ‘एनफिल्ड’? शब्दाचा अर्थ काय? आणि तिच्यातल्या ‘बुलेट’ या गाडीचं मराठीत अनेकवचन कसं करायचं?

एनफिल्ड. पहिलं अक्षर ए. ‘फि’ ऱ्हस्व लिहिलेला मला चालतो, कारण जोडाक्षराआधीचा इकार मराठीत सहसा ऱ्हस्वच असतो. ‘इन’ मात्र अजिबात चालणार नाही. परवा नंबरप्लेट रंगवणाऱ्या एका दुकानात टाकीवर मारायच्या पट्ट्या टांगलेल्या दिसल्या. सुबक वळणदार अक्षरं, सोनेरी कड, आणि मजकूर ‘रॉयल इनफिल्ड’! हे ‘इन’ क्रिकेटच्या समालोचनातून आलंय, दुसरीकडून नाही. तिथे ‘इनफील्ड’ म्हणजे खेळपट्टीजवळचं मैदान. त्याचा या गाडीशी काडीचा संबंध नाही.

एनफिल्ड हे लंडनच्या उत्तरेचं एक गाव आहे, आता शहरातच गिळलं गेलेलं. यावर लोक लगेच म्हणतात, म्हणजे गाडी तिथे बनायची! नाही हो. गाडी बनायची तिथून शंभरावर किलोमीटर दूर, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच या गावी. आणि रेडिच प्रसिद्ध कशासाठी, तर शिवणाच्या सुयांसाठी. जॉर्ज टाउनसेंड यांचा कारखानाही मूळचा सुयांचाच. पुढे सायकली आणि सायकलींचे भाग सुरू झाले, धंदा डबघाईला आला आणि १८९१ साली अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट स्मिथ या दोघांनी तो हातात घेतला. त्यांना एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याकडून रायफलींचे बारीक भाग बनवायचं काम मिळालं. त्या आनंदात त्यांनी आपल्या सायकलीचं नाव ‘एनफिल्ड’ ठेवलं, मागाहून पुढे ‘रॉयल’ लावलं. ते ‘रॉयल’ही राजघराण्याचं नव्हे, ‘रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरी’तलं. १९०१ मध्ये पहिली मोटारसायकल निघाली. म्हणजे गिऱ्हाइकाचं नाव कारागिराने आपल्या मालाला दिलं. आपल्याकडे एखाद्या शिंप्याने संस्थानिकाचा अंगरखा शिवला की दुकानावर संस्थानाचं नाव चढायचं, तसंच.

कंपनीचं ब्रीद होतं ‘मेड लाइक अ गन’. याचं मराठी सगळे ‘बंदुकीसारखी घडवलेली’ असं करतात. करा. पण कंपनीच्या जुन्या बोधचिन्हात चाकांवरची तोफ आहे, बंदूक नाही. इंग्रजीला दोन्हीसाठी एकच शब्द पुरतो, आपल्याला दोन लागतात, आणि भाषांतर करणारा चित्र बघत नाही. बंदुका बघायच्याच असतील तर बीएसए या दुसऱ्या इंग्लिश मोटारसायकल कंपनीचं जुनं चिन्ह बघा, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन. ती कंपनी १८६१ पासून खरोखरच बंदुका बनवत होती.

असो. मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते आता.

१०८६ सालच्या इंग्लंडच्या जमीनपाहणीत एनफिल्ड गाव ‘एनेफेल्डे’ असं नोंदलेलं आहे. ‘फेल्ड’ म्हणजे शेत नव्हे, झाडी नसलेली मोकळी जमीन. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: माळ. आणि आधीचं ‘एन’? स्थलनामांच्या अभ्यासकांत इथे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, एआना नावाच्या कुणा माणसाचा माळ. दुसरा म्हणतो, जुन्या इंग्रजीत ‘एआन’ म्हणजे कोकरू, म्हणून कोकरांचा माळ. मी दुसऱ्या तटात आहे आणि हलणार नाही. गावाचं नाव कळेना की ‘असेल कुणी त्या नावाचा माणूस’ म्हणायचं, ही स्थलनामवाल्यांची जुनी पळवाट आहे. आपल्याकडेही निम्म्या गावांच्या नावात असाच एकेक ऋषी आणून बसवलाय. मेंढी व्यालेली ज्याने पाहिली आहे, त्या कुठल्याही धनगराला विचारा, कोकरं वाढवायच्या जागेला वेगळं नाव असतं की नाही. तर सायलेन्सर काढून रात्री गल्लीतून जाणाऱ्या त्या पठ्ठ्याच्या टाकीवर खरं लिहिलंय ‘शाही कोकरमाळ’.

आता गंमत बघा. मराठी माणसाच्या कानावर हे नाव गाडीमुळे पडलेलं नाही. १८५७ च्या इतिहासात पडलं, ‘एनफिल्डची काडतुसं’ म्हणून. १८५३ च्या नमुन्याची रायफल, कागदी पुडीत दारू आणि गोळी, पुडीला चरबी, आणि ती दाताने फोडायची. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. त्याच घराण्यातली ली-एनफिल्ड ‘थ्री-नॉट-थ्री’ या नावाने आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कैक दशकं होती.

आणि ‘काडतूस’? हा शब्द इंग्रजी ‘कार्ट्रिज’वरून आला, असं छातीठोक लिहिणारे अजून भेटतात. शेवटच्या ‘ज’चा ‘स’ कुठल्या नियमाने झाला ते त्यांनी एकदा सांगावं. शब्द पोर्तुगीज आहे: ‘कार्तूशु’. त्याच्या मुळाशी ‘कार्ता’, म्हणजे कागद. म्हणजे काडतूस, कार्ड आणि चार्ट हे एकाच घरातले. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, बस्स. ‘र’चा ‘ड’ मात्र आपल्या ‘काडी’ने करून घेतला असावा, असं मला वाटतं. आणखी एक. ‘चावी’ हाही शब्द पोर्तुगीजच. पोर्तुगीजांच्या लिपीत ‘चावी’तला च आणि ‘काडतूस’मधला स एकाच जोडअक्षराने (ch) लिहितात. जुन्या पोर्तुगिजीत त्याचा उच्चार ‘च’च्या जवळचा होता, पुढे ‘श’ झाला. यावरून माझा तर्क असा की चावी आपल्याकडे आधी आली आणि काडतूस नंतर. एका स्नेह्यांनी हे ‘कल्पनेचे घोडे’ ठरवलं आहे. त्यांच्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही, घोडेही नाहीत.

‘बुलेट’ तर त्याहून गोड. फ्रेंचमध्ये ‘बूल’ म्हणजे गोळा, त्याचं छोटं रूप ‘बुलेत’. मुळाशी लॅटिन ‘बुल्ला’, म्हणजे बुडबुडा! बातम्यांचं बुलेटिनही त्याच बुडबुड्याचं. आणि आपण काय केलं? गोळा–गोळी. साधारण तीच युक्ती, फक्त आपल्याकडे लिंगही बदलतं: मोठं ते पुल्लिंगी, धाकटं ते स्त्रीलिंगी. गाडीला हे नाव मिळालं १९३२ साली, लंडनच्या ऑलिंपियातल्या प्रदर्शनात.

बुलेट मराठीत स्त्रीलिंगी का, याचं उत्तर मात्र ‘गोळी’त शोधू नका, ‘गाडी’तही नको. ते ‘फटफटी’त आहे. एकच सिलिंडर, चाकाच्या दोन फेऱ्यांत, नव्हे, पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक स्फोट, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये कानाला जागा मिळते. फट, फट, फट. दोन सिलिंडरची गाडी असती तर हा शब्द जन्मालाच आला नसता, नुसती घरघर झाली असती. आमच्या काकांकडे जुनी बुलेट होती, उजव्या पायात गिअर, डाव्यात ब्रेक. विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, मग किक. काटा चुकला की किक उलटी यायची आणि नडगी आठवडाभर हिरवीनिळी. काका तिला कधी बुलेट म्हणालेच नाहीत. ‘फटफटी काढ गं बाहेर,’ असं काकूला सांगायचे.

भारतात ती १९५५ पासून मद्रासला बनते. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला आणि १९७७ पासून आपल्याच बुलेटी उलट इंग्लंडला जाऊ लागल्या.

पाहा, लिहिता लिहिता लिहून गेलो. हेच ते अनेकवचन. सायकल–सायकली, तशी बुलेट–बुलेटी. आमच्या मेस्त्रींच्या दारात रोज ‘पाच-सहा बुलेटी’ उभ्या असतात. वर्तमानपत्रवाले ‘बुलेट्स’ लिहितात. ‘तीन बुलेट्स जप्त’ वाचलं की मला आधी पंचनामा आठवतो, मग गॅरेज.