फूट, दुफळी की फाटाफूट?

प्रश्न असा आहे: योहानाच्या शुभवर्तमानात (७:४३) येशूमुळे लोकसमुदायात 'फूट पडली' असे मराठी बायबल म्हणते. तिथे 'दुफळी माजली' किंवा 'मतभेद झाले' अधिक शोभले नसते का?

'दुफळी' मुळीच नको. 'तीन गटांत दुफळी' हे बातम्यांत इतक्यांदा ऐकले आहे की आता चीडच येते. दु म्हणजे दोन, फळी म्हणजे रांग, बाजू. तिसरा गट उभा राहिला की दुफळी उरत नाही. आता तो प्रसंग पाहा. यरुशलेमेत मंडपांचा सण चालला आहे. काही म्हणतात, हा खरोखर तो संदेष्टा. काही म्हणतात, हा ख्रिस्तच, म्हणजे ज्याची वाट पाहिली तो तारणारा. आणखी काही विचारतात, ख्रिस्त गालीलातून कसा येईल? तो दाविदाच्या वंशातला आणि बेथलेहेमचा हवा ना? पुढच्याच वचनात काही जण त्याला धरायला पाहतात. मोजा फळ्या!

'मतभेद' सुचवणारे भाष्यकार सांगतात की इथे काही १०५४ सालासारखे पूर्व आणि पश्चिम असे चर्च दुभंगलेले नाही, तेव्हा सौम्य शब्द घ्यावा. चर्च दुभंगले नव्हते हे खरे; पण म्हणून शब्द सौम्य करायचा? ज्याला एक जण ख्रिस्त म्हणतो त्यालाच दुसरा पकडून न्यायला बघतो, ह्याला मतभेद म्हणणे म्हणजे प्रसंग न वाचणे.

मूळ ग्रीक शब्द 'स्खिस्मा'. तो 'स्खिझो' ह्या क्रियापदापासून आला: चिरणे, फाडणे. हे क्रियापद आपल्या 'छिद्' धातूचे सख्खे नातलग आहे. छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद ही सगळी त्याच घरची. 'फूट' मात्र 'स्फुट्' वरून आलेली, म्हणजे निराळ्या कुळातली. तरी अर्थाने ती चपखल बसते. अडचण वेगळीच आहे. मराठीत कापड फाटते, मडके फुटते, लाकूड चिरते आणि माणसे फुटतात. ग्रीकमध्ये ही बरीचशी कामे एकटे 'स्खिझो' करते. त्यामुळे योहानाने विणलेला एक धागा आपल्याला दिसतच नाही.

'स्खिस्मा' हे नाम योहान तीनदा वापरतो (७:४३, ९:१६, १०:१९), आणि तिन्ही वेळा येशूवरून माणसे फाटतात. क्रियापद तो दोनदाच वापरतो, आणि दोन्ही वेळा नकार आहे. क्रुसापाशी शिपाई त्याचा अखंड विणलेला, बिनशिवणीचा अंगरखा पाहून म्हणतात, हा फाडू नये (१९:२४). शेवटी तिबिर्य समुद्रात १५३ मोठे मासे येतात आणि तरी जाळे फाटत नाही (२१:११). लोक फाटतात, अंगरखा आणि जाळे फाटत नाही. हा योगायोग आहे असे म्हणणारे आहेत. मला ते अजिबात पटत नाही. इतका मोजून लिहिणारा लेखक तोच शब्द सहज टाकत नाही.

आणि मराठीत ह्यावर शब्द आहे! 'फाटाफूट'. कापडाचे फाटणे आणि माणसांचे फुटणे दोन्ही त्यात एकत्र नांदतात, हा शब्द गट मोजत बसत नाही, आणि मूळ ग्रीकमध्येही फूट 'झाली' असेच क्रियापद आहे. 'लोकसमुदायात त्याच्यामुळे फाटाफूट झाली' असे वाचून पाहा. (मला तर 'फाटणे' हे 'फुटणे'चे भावंडच वाटते.)

जाता जाता, 'येशूने लोकांत फूट पाडली' असे ह्या वचनावर बोलणाऱ्यांनी थांबावे. ती पडली, त्याने पाडली नाही. 'मी फूट पाडायला आलो आहे' असे येशू जिथे म्हणतो ते लूक १२:५१ पुढे करू नये, कारण तिथे मूळ शब्द 'दियामेरिस्मोस' आहे, म्हणजे वाटे होणे. तो 'स्खिस्मा' नव्हे.

प्रेषित पौल मात्र करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात (१ करिंथ १:१०) 'स्खिस्मा'च अनेकवचनात लिहितो: तुमच्यात फुटी नसाव्यात. त्याच वाक्यात त्यांनी एकमनाने जोडलेले असावे ह्यासाठी त्याने जे क्रियापद घेतले आहे, तेच मार्क १:१९ मध्ये आहे. तिथे जब्दीचे मुलगे तारवात बसून जाळी नीट करत असतात.