‘आढळला नाही’ की ‘आढळत नाही’?

एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात तिथे, समुपदेशन करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: “व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं येतं. याचा अर्थ काय, असं प्रत्येक जण विचारतो. माहितीपत्रकासाठी ‘अनडिटेक्टेबल’ला मराठी शब्द हवाय. अदृश्य, शून्य, अशोध्य आणि नगण्य असे चार सुचलेत. कुठला घेऊ?”

ताई, मला विचाराल तर चारांपैकी एकही नको.

‘अदृश्य’ लगेच बाद. विषाणू कधी कुणाला डोळ्यांनी दिसला होता? ‘शून्य’ ऐकायला गोड आहे, पण खोटं आहे. यंत्र मोजतं ते एक मिलिलिटर रक्तद्रवातल्या विषाणूच्या आरएनएच्या, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याच्या, प्रती. (एका एचआयव्ही विषाणूत आरएनएचे दोन धागे असतात, म्हणजे ४० प्रती म्हटलं तरी विषाणू वीसच.) यंत्रालाही नजरेची मर्यादा असते, कुठे २० प्रती, कुठे ४०, कुठे ५०. त्याखाली विषाणू किती आहे हे यंत्र मोजू शकत नाही, आणि फारच कमी असेल तर तो आहे की नाही हेही सांगू शकत नाही.

आपल्याकडच्या मीमांसा दर्शनातल्या कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी नेमका हाच मुद्दा फार पूर्वी घोळवला आहे. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही हे कळतं, या ज्ञानसाधनाला ते ‘अनुपलब्धि’ म्हणतात. पण अट अशी की, वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती. लख्ख उजेडात जमिनीवर घट दिसत नाही, तर घट नाही. अंधारात दिसत नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. मर्यादेच्या फार खाली यंत्रापुढे अंधार असतो. म्हणून शब्द तर ‘अनुपलब्ध’ हाच घ्यायला हवा होता, पण आज तो छापला तर लोकांना वाटेल औषधांचा साठा संपलाय!

‘नगण्य’ मात्र मला मोहात पाडतो. न-गण्य, म्हणजे मोजता न येण्याजोगा. काही रिपोर्टांवर ‘विषाणू आढळला, पण २० प्रतींपेक्षा कमी’ असा शेरा असतो, त्याला तर हा अगदी चपखल. पण आज आपण नगण्य म्हणतो ते क्षुल्लक या अर्थाने. क्षुल्लक गोष्टीसाठी रोज न चुकता गोळी कोण घेणार? ‘अशोध्य’वर वेळ घालवत नाही, पत्रक वाचणाऱ्याला त्याचाच अर्थ शोधावा लागेल.

नाम-विशेषणं सोडा आणि क्रियापद घ्या. ‘विषाणू आढळला नाही’ ही एका दिवसाच्या, एका नमुन्याची बातमी झाली. ‘विषाणू आढळत नाही’ यात सातत्य आलं. आणि इथे सातत्यालाच किंमत आहे. औषधं सुरू केल्यावर बहुतेकांचा आकडा सहा महिन्यांच्या आत खाली येतो, पण पुढच्या तपासण्यांतही तो तसाच राहायला हवा. रिपोर्टचं भाषांतर ‘आढळला नाही’ करा, माणसाच्या स्थितीला ‘आढळत नाही’ म्हणा. इंग्रजीला इथे दोन वेगळे शब्द लागले, आपलं काम एका ‘त’वर भागतं.

आता पुढचा अर्धा भाग. इंग्रजी घोषणा ‘यू इज इक्वल टू यू’ अशी आहे, ‘अनडिटेक्टेबल’ म्हणजेच ‘अनट्रान्समिटेबल’: आढळत नाही, म्हणजे संक्रमित होत नाही. व्हिएतनामी लोकांनी ती ‘क=क’ केली, तुर्कांनी ‘ब=ब’. आपण अनुप्रासाच्या मागे लागू नये. ‘पसरत नाही’पेक्षा ‘लागण होत नाही’ हे लोकांच्या तोंडचं. फक्त ‘शरीरसंबंधातून जोडीदाराला’ हे शब्द गाळू नका. पुरावा आहे तो त्याचा, एकमेकांची सुई वापरण्याचा नव्हे. त्या पुराव्यात पुण्याचाही वाटा आहे. ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या ज्या अभ्यासाने २०११ मध्ये, औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवलं, त्याचं एक केंद्र पुण्यात होतं. मग युरोपातल्या अभ्यासात, विषाणू दबलेला असताना, निरोधाशिवायच्या हजारो संबंधांतून जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही.

‘लागण’ म्हटल्यावर कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला आधी उसाची लागवड आठवेल, आणि ते बरंच आहे. कारण लागणीमागून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक, येतो. ऊस तुटला की रान मोकळं दिसतं, पण बुडखे जमिनीत असतात. पाणी दिलं की कोंब फुटतात. एचआयव्हीचंही तसंच. तो काही पेशींमध्ये दडून बसतो, औषधांना तिथे त्याला संपवता येत नाही. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच तो पुन्हा आढळू लागतो. त्यामुळे ‘आढळत नाही’चा अर्थ ‘निगेटिव्ह झालो’ असा होत नाही. निदानाची नेहमीची चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, ती पॉझिटिव्हच येणार. हे वाक्य पत्रकात ठळक टाइपात घ्या.

तेव्हा माझा मसुदा असा: “गोळ्या नियमित चालू आहेत आणि तपासणीत विषाणू आढळत नाही, तोवर शरीरसंबंधातून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही. विषाणू शरीरात आहे, म्हणून गोळ्या चालू ठेवायच्या.” यातला ‘तोवर’ कुणी संपादक काढू लागला तर भांडा.

आणि हो, ‘व्हायरल लोड’ तसंच ठेवलं तरी चालेल, ते आता रुळलंय. ‘विषाणुभार’ छापणार असाल तर समासात ‘णु’ ऱ्हस्व, तुमच्या कच्च्या पत्रकात तो दीर्घ पडलाय.