नोकरीचा सल्ला : अकाउंट्सचा रेझ्युमे आणि जीएसटीनंतरचं काम

प्रश्न : बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं सीएच्या ऑफिसात काम करतो आहे. पुण्यात एखाद्या कंपनीच्या अकाउंट्स विभागात जायचं आहे. जॉब पोर्टलवरून भरपूर अर्ज केले, पण फोन येत नाही. रेझ्युमेत टॅली, जीएसटी, एक्सेल सगळं लिहिलं आहे. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : टॅली, जीएसटी, एक्सेल हे तीन शब्द अकाउंट्सच्या जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात. त्यावरून तुम्हाला नेमकं काय येतं हे कळत नाही. नुसती बिलं चढवण्याचं काम कमी होत चाललं आहे, कारण बँक स्टेटमेंट आणि विक्रीची बिलं एक्सेलमधून थेट टॅलीत घेता येतात. कंपनीला माणूस लागतो तो जुळवणीसाठी आणि नोटिशीचं उत्तर तयार करण्यासाठी. हे काम तुम्ही करत असणार, ते कागदावर आलेलं नाही.

‘जीएसटीची सर्व कामे पाहिली’ अशी ओळ असेल तर काढा. तिच्या जागी अशी ओळ येऊ द्या : ‘18 क्लायंटचे मासिक जीएसटीआर-1 (11 तारीख) आणि 3बी (20 तारीख), 14 तारखेला 2बी आल्यावर खरेदी नोंदींशी जुळवणी, महिन्याला सुमारे 350 बिलं.’ (जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचं रिटर्न, 3बी म्हणजे कर भरण्याचं रिटर्न आणि 2बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी.) आकडे मात्र तुमचे खरे घाला, मुलाखतीत त्यांवरूनच प्रश्न निघतात. जीएसटीआर-1 आणि 3बीमधल्या फरकाबद्दल येणारी डीआरसी-01बी ही सूचना, किंवा 2बीपेक्षा जास्त क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतल्याबद्दलची डीआरसी-01सी हाताळली असेल, तर ती ओळ सगळ्यात वर घ्या. दोन्हींना सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून ते तयार करणाऱ्या माणसाला किंमत आहे.

इचलकरंजीतले यंत्रमागवाले, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे) तुमचे क्लायंट असतील तर जॉबवर्कची (माल बाहेर पाठवून करून घेतलेल्या कामाची) चलनं आणि त्या मालाचं जीएसटी विवरण, आयटीसी-04, तुमच्या हाताखालून गेलं असेल. ते ठळक लिहा. भोसरी-चाकणच्या पार्ट्स बनवणाऱ्या कारखान्यांचा मालही प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो. पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर तो पुरवठा धरून कर लागतो, आणि हा हिशेब ठेवणारा माणूस त्यांना हवाच असतो. क्लायंटची नावं लिहू नका. ‘सूत व्यापारी, सायझिंग, यंत्रमाग’ एवढं पुरे.

एक्सेलची परीक्षा बऱ्याच ठिकाणी जागेवर घेतात : एका शीटमध्ये 2बी, दुसऱ्यात खरेदी, जुळवून दाखवा. नुसत्या बिल नंबरावर व्हीलुकअप (दुसऱ्या शीटमधली जुळणारी नोंद शोधणारं सूत्र) लावणारे इथे अडकतात. पुरवठादाराने ‘001/25-26’ भरलेलं असतं आणि आपल्याकडे ‘1’ चढवलेलं असतं. कधी एका शीटमधला नंबर टेक्स्ट असतो, दुसऱ्यातला आकडा. जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक) आणि करपात्र रक्कम जोडून एक कॉलम करा, त्यावर जुळवा, एक-दोन रुपयांचा राउंड-ऑफ सोडून द्या, आणि उरलेली बिलंच हाताने पाहा. ही पद्धत रेझ्युमेत एका ओळीत लिहिलीत तरी वाचणाऱ्याला तुमचं काम कळेल.

प्रश्न : 2016 मध्ये बाळंतपणासाठी नोकरी सोडली. त्याआधी सहा वर्षं कंपनीत व्हॅट, एक्साइज, टीडीएस बघत होते. आता परत यायचं आहे. मधली वर्षं कशी दाखवू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, लपवू नका. ‘2016 पासून कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एकच ओळ, कारणमीमांसा नको. तारखा गाळून फक्त ‘सहा वर्षांचा अनुभव’ लिहिलं की वाचणाऱ्याला संशय येतो आणि अर्ज बाजूला पडतो.

तुमची खरी अडचण खंडाची नसून जीएसटीची आहे. तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा जीएसटी नव्हता. तो 1 जुलै 2017 ला आला. येणी-देणी, बँक रिकन्सिलिएशन, पगारपत्रक, स्टॉकचा हिशेब यांचं तत्त्व बदललेलं नाही, ते वर राहू दे. व्हॅट-एक्साइज एका ओळीत आटोपा. (पेट्रोल पंपावर अर्ज करणार असाल तर व्हॅट ठळक ठेवा, पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीबाहेर आहे.)

शिकायचं ते नेमकं असं. जीएसटीआर-1, 3बी आणि 2बी यांचा एकमेकांशी संबंध. ई-इनव्हॉइस (बिलाची सरकारी पोर्टलवर नोंदणी), जे 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर उलाढाल असलेल्यांना लागू आहे. 22 सप्टेंबर 2025 पासूनचे दर, ज्यात 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं 45 दिवसांत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत न चुकवल्यास तो खर्च पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात वजा मिळत नाही, हा नियम. टीडीएसची 194सी (कंत्राटदारांची बिलं), 194जे (व्यावसायिकांची फी) ही कलमं तुम्हाला पाठ असतील. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम 393 मध्ये एकत्र आली आहेत. मुलाखतीत जुना क्रमांक सांगितलात तर त्याला जोडून नवाही सांगा.

टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. तारखा मोजक्याच चालतात, पण सरावाला तेवढं पुरतं. जमल्यास जवळच्या सीएकडे अर्धवेळ दोन-तीन महिने काम करा. क्लासच्या सर्टिफिकेटपेक्षा ‘2026 मध्ये जीएसटी रिटर्न भरली’ ही ओळ आम्हाला जास्त मोलाची वाटते.

प्रश्न : दोन कॉलम, फोटो, कौशल्यांना स्टार असा सुंदर रेझ्युमे करून घेतला. तो चालेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मोठ्या कंपन्यांत आणि पोर्टलवर रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम असले तर ते दोन्हींतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतं, चित्रातला मजकूर सुटू शकतो, हेडरमधला फोन नंबरही कधी कधी हरवतो. तपासायला सोपं आहे : पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम बिघडला किंवा काहीच आलं नाही, तर रेझ्युमे वर्डमध्ये एका कॉलममध्ये नव्याने करा. वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती काढून टाका. फाइलचं नाव ‘रेझ्युमे-फायनल-2’ नको. स्वतःचं नाव आणि पद घाला.

प्रश्न : एका ठिकाणी चारच महिने टिकलो. ती नोकरी गाळली तर चालेल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तिथे पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत ती दिसते, आणि पडताळणी करणारे तीच मागतात. निवड झाल्यावर तफावत सापडली तर ऑफर मागे घेतली जाऊ शकते. एका ओळीत लिहा, मुलाखतीत विचारलं तर कारण एका वाक्यात सांगा. अर्ज करण्याआधी ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर जाऊन तिथली सोडल्याची तारीख नोंदली आहे का ते बघा. मालकाने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर ती तुम्हाला स्वतः भरता येते. राहून गेली तर कागदावर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू दिसतात, आणि नव्या कंपनीचा एचआर तिथेच थांबतो.