क्रुगरच्या रस्त्यावर आपली गाडी : वाचकांचे प्रश्न

दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातील अभयारण्ये स्वतः गाडी चालवत पाहण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र पंधरा दिवसांत क्रुगर (दक्षिण आफ्रिका), एटोशा (नामिबिया), चोबे (बोट्सवाना) आणि व्हिक्टोरिया धबधबा असा प्रवास भाड्याच्या गाडीने करू इच्छितो. ताडोबा आणि पेंच आम्ही अनेकदा पाहिले आहेत. हा आराखडा शक्य आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : शक्य आहे, पण तुम्ही प्राणी पाहणार नाही, रस्ता पाहाल. क्रुगरमधील स्कुकुझापासून एटोशातील ओकाकुएयोपर्यंत जोहान्सबर्ग आणि विंडहूकमार्गे दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, म्हणजे समृद्धी महामार्गाने मुंबई ते नागपूर तीनदा जाण्याइतके, आणि तेही एकाच बाजूचे. पंधरा दिवसांतील निदान पाच दिवस या धावपळीत जातील आणि उरलेल्या दिवसांत प्रत्येक ठिकाणी तुम्ही थकून पोहोचाल. माझा आग्रह आहे की, पहिल्या खेपेला फक्त क्रुगर करावे.

एकच उद्यान पंधरा दिवसांना पुरेल का, ही शंका तुमच्या मनात येईल. क्रुगर उत्तर-दक्षिण सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब असून त्याचे क्षेत्र जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. १८९८ मध्ये साबी अभयारण्य म्हणून त्याची सुरुवात झाली, १९२६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे पर्यटकांच्या मोटारी आल्या. आत डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही वेगमर्यादा आहे. थांबे धरून प्रत्यक्षात तासाला वीस-पंचवीस किलोमीटरच होतात, आणि तेवढेच व्हावेत. दक्षिणेला लोअर साबी, मध्यभागी सतारा, त्यापुढे ओलिफंट्स किंवा लेताबा अशा तीन मुक्कामांत प्रत्येकी तीन-चार रात्री ठेवल्या, तर नदीकाठचे दाट झाडोऱ्याचे जंगल, गवताळ माळ आणि मोपाने झाडांचे रान या तिन्ही प्रकारच्या भूमी पाहून होतात. शाळांच्या सुट्ट्यांत हे मुक्काम कित्येक महिने आधी भरतात, म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी राहण्याची जागा निश्चित करावी.

ताडोब्याच्या सवयीमुळे एक अडचण येते, ती आधीच सांगतो. ताडोब्यात जिप्सी, चालक आणि गाइड आपल्याला नेतात. आपण मागे बसून पाहतो. क्रुगरमध्ये गाडी आपली, वाट आपली आणि नजरही आपलीच असते. ताडोब्यात वानराचा आणि चितळाचा कॉल ऐकून गाइड जिप्सी थांबवतो, तसेच येथे इम्पाला हरणांच्या फुरफुरण्याकडे आणि व्हर्व्हेट माकडांच्या ओरडण्याकडे आपल्यालाच कान द्यावे लागतात. इम्पालाचा अख्खा कळप चरणे सोडून एकाच दिशेला पाहत उभा राहिला, तर पुढे जाऊ नका. इंजिन बंद करा आणि तुम्हीही त्याच दिशेला पाहत राहा. गिधाडे झाडावर नुसती बसून असतील आणि खाली उतरत नसतील, तर खाली शिकारीवर कोणी तरी अजून बसलेले असण्याची शक्यता मोठी असते.

आणि पाणवठ्यावर बसा. लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर मी एका दुपारी दोन तासांहून अधिक वेळ गाडीतच बसलो होतो. पहिल्या तासात पाणघोडे आणि मगरी यांखेरीज काही दिसले नाही, आणि त्या वेळात वीस-पंचवीस गाड्या येऊन, दोन मिनिटे थांबून निघून गेल्या. मग हत्तिणींचा कळप आला. सर्वांत लहान पिल्लाला सोंडेने पाणी ओढता येत नव्हते. ते गुडघ्यांवर बसून थेट तोंडाने पाणी पीत होते. ते पाहायला त्या गाड्यांपैकी एकही तेथे नव्हती.

प्रवेशद्वारांच्या आणि मुक्कामांच्या फाटकांच्या वेळा महिन्यानुसार बदलतात आणि उशीर झाल्यास दंड होतो. दुपारी तीन वाजल्यानंतर परतीचे अंतर सतत मनात ठेवावे, कारण शेवटच्या दहा किलोमीटरवर हत्तींचा कळप रस्त्यात उभा असला, तर घाई करून चालत नाही.

प्रश्न : हत्ती रस्त्यात आडवा आला तर काय करावे? आंतरजालावरील चित्रफिती पाहून माझ्या पत्नीने सहलीलाच नकार दिला आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्यांची भीती अनाठायी नाही, आणि ती घालवून टाकण्यापेक्षा तिचा उपयोग करून घेणे चांगले. दक्षिण आफ्रिकेतील अभयारण्यांत स्वतः गाडी चालवणाऱ्याला सिंहापेक्षा हत्तीचा धोका अधिक असतो. सिंह बंद गाडीकडे सहसा लक्षच देत नाही. हत्तीला मात्र गाडी जवळ आलेली कळते आणि आवडत नाही.

पहिला नियम अंतराचा. हत्ती रस्त्यावर दिसताच लांबच थांबावे आणि मागे जाण्याची वाट मोकळी ठेवावी. मागून दुसऱ्या गाड्या येऊन चिकटल्या तर त्यांना हाताने खूण करून मागे घ्यायला लावावे. हत्ती तुमच्या दिशेने चालत आला, तर तो जितका पुढे येईल तितके शांतपणे मागे जावे. हॉर्न वाजवू नये आणि इंजिनाचा आवाज वाढवू नये. आई आणि पिल्लू यांच्या मधे गाडी कधीही जाऊ देऊ नये. रस्त्याच्या एका बाजूला हत्तीण दिसली की पिल्लू दुसऱ्या बाजूच्या झुडपात असू शकते, हे गृहीतच धरावे.

दुसरी गोष्ट माजाची. आपल्याकडे ‘माजलेला हत्ती’ हा शब्दप्रयोग माणसांसाठी सर्रास वापरला जातो, परंतु प्रत्यक्ष माज ओळखता येणे येथे जिवाचा प्रश्न ठरतो. नराच्या डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या स्रावाचा ओला, काळपट ओघळ गालावर दिसतो, मूत्र सतत ठिबकत असते आणि मागच्या पायांची आतली बाजू त्याने भिजलेली असते. नुसता गालावरचा ओघळ पाहून माज ठरवू नये, कारण आफ्रिकी हत्तिणींमध्येही अस्वस्थतेच्या वेळी असा स्राव दिसतो. परंतु एकट्या मोठ्या नरात ही सर्व लक्षणे एकत्र दिसली, तर छायाचित्राचा मोह सोडून तेथून निघून जावे. अशा नराच्या मागे मागे हळू गाडी नेणेसुद्धा धोक्याचे आहे.

कान फैलावून, डोके हलवून, धूळ उडवत पुढे येणारा हत्ती बहुधा इशारा देत असतो आणि कान मागे दाबून, सोंड आत वळवून येणारा हत्ती खरोखर चाल करून येतो, असे सांगितले जाते आणि ते बहुतांशी खरे आहे. मात्र हा फरक रस्त्यावर बसून तपासण्याची वेळ येऊ देऊ नये. गाडीतून उतरण्याची परवानगी फक्त मुक्काम, सहलीच्या राखीव जागा आणि काही पुलांवर आखून दिलेला भाग येथेच असते. अन्यत्र दार उघडायचे नाही आणि खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढायचे नाही.

आपल्या पत्नीला हेही सांगा की, गाडी चालवणे तेथे आपल्याला परके वाटत नाही. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्सवाना या तिन्ही देशांत वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच चालते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मात्र काढून घ्यावा.

प्रश्न : आमच्याबरोबर चार वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत. मलेरियाची काळजी वाटते. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : क्रुगर आणि एटोशा या दोन्ही ठिकाणी मलेरियाचा धोका आहे, आणि पावसाळ्यात तो वाढतो. चार वर्षांच्या मुलीसाठी मी क्रुगर या खेपेला टाळीन. पिलान्सबर्ग हे उद्यान मलेरियामुक्त असून जोहान्सबर्गपासून अडीच-तीन तासांच्या अंतरावर आहे. अतिप्राचीन ज्वालामुखीच्या कड्यांच्या आत ते वसलेले आहे आणि रोजचा प्रवास छोटा राहतो. दुसरा पर्याय दक्षिणेकडील अ‍ॅडो उद्यानाचा. १९३१ मध्ये ते स्थापन झाले तेव्हा तेथे अवघे अकरा हत्ती उरले होते. आज ती संख्या कित्येक शेकडा आहे. हेही ठिकाण मलेरियामुक्त आहे. उघड्या वाहनातील सफरींना सहसा सहा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, त्यामुळे तुमच्यासाठी स्वतःची बंद गाडी हाच सोयीचा मार्ग आहे. क्रुगरलाच जायचे ठरले, तर प्रतिबंधक गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी निदान महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे.

विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल, तर पीतज्वराची लस शासनमान्य केंद्रात प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. ते नसल्यास परतताना भारतातील विमानतळावरच विलगीकरणाची वेळ येऊ शकते.

प्रश्न : कुनोत आलेले चित्ते तेथूनच आले ना? ते त्यांच्या मूळ जागी कोठे दिसतील? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : होय. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोत आले. कोल्हापुरातून हा प्रश्न यावा याचे मला विशेष वाटले, कारण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तुमच्याच संस्थानात आफ्रिकेतून आणलेले चित्ते काळविटांच्या शिकारीसाठी पाळले जात. आपल्याकडचा मूळ आशियाई चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले.

चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून मोकळ्या जागी तो दिसण्याची आशा बाळगता येते. क्रुगरमध्ये साताऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या सतारा मुक्कामाच्या आसपासचे माळ बघावेत. त्याहून चांगली जागा कालाहारीतील कगलागाडी उद्यानात, औब आणि नोसोब या कोरड्या नदीपात्रांत आहे. तेथे रस्ता बऱ्याच ठिकाणी पात्राच्या कडेनेच जातो आणि नजर दूरवर पोहोचते. आपली वृत्तपत्रे बिबट्याला अजूनही कधी कधी चित्ता म्हणतात, तेव्हा खूण लक्षात ठेवावी: चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते आणि त्याचे ठिपके भरीव असतात, बिबट्याच्या अंगावर मात्र पाकळ्यांसारखी वलये असतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचे काय? (एक वाचिका, दादर)

उत्तर : स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातून डाळी, तांदूळ, मसाले भरून घ्या, १८६० पासून भारतीय दक्षिण आफ्रिकेत वसत आले आहेत, त्यामुळे हवे ते बहुतेक मिळते. तूप, दुग्धजन्य पदार्थ, मध, बियाणे आणि ताजी फळे भारतातून नेऊ नयेत. आणि मुक्कामात माकडांना काहीही देऊ नये. माणसाच्या अन्नाला चटावलेले माकड पुढे हल्ले करते आणि शेवटी त्यालाच मारावे लागते.

प्रश्न : शाळेच्या नोकरीमुळे मे महिना किंवा दिवाळी एवढाच वेळ हाती आहे. कोणता काळ निवडावा? गेंड्यांची छायाचित्रे मिळतील का? (एक शिक्षक, नागपूर)

उत्तर : केवळ प्राणी पाहायचे असतील, तर मे. तेथे तो हिवाळ्याचा आरंभ असतो, पाऊस संपलेला असतो, गवत वाळू लागते आणि प्राणी पाणवठ्यांकडे वळतात. नागपूरच्या मे महिन्यातून जाताना स्वेटर घेणे विसरू नका. पहाटे उघड्या खिडकीतून कडाक्याचा वारा लागतो.

गेंडे दिसू शकतात. रुंद, चौकोनी ओठाचा गवत खाणारा तो पांढरा गेंडा आणि टोकदार ओठाने झुडपे खुडणारा तो काळा. मात्र छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना जागा, रस्ता किंवा पाणवठ्याचे नाव देऊ नये, आणि कॅमेऱ्याने नोंदवलेले स्थानही काढून टाकावे. २०१४ या एका वर्षात दक्षिण आफ्रिकेत १,२१५ गेंडे शिंगांसाठी मारले गेले, आणि अशी माहिती शिकाऱ्यांच्याही हाती पडते.

दिवाळीत गेलात, तर उकाडा आणि पहिला पाऊस मिळेल, गवत उंच होऊ लागेल आणि सिंह शोधायला कष्ट पडतील. पण इम्पालाची पाडसे त्याच सुमारास जन्मतात आणि स्थलांतरित पक्षी येऊ लागतात. लोणावळ्याच्या पठारावर नोव्हेंबरात थोडा वेळ दिसून जाणारा अमूर ससाणा अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेकडेच निघालेला असतो. तुम्ही विमानाने त्याच्या आधी पोहोचाल. तो डिसेंबरात येईल.